कर्करोगानंतरची पायाची पुनर्रचना शस्त्रक्रिया

मांडी, पोटरी किंवा तळपायातली कर्करोगाची गाठ काढल्यावर पडलेला खड्डा भरणे आणि जांघेतल्या लसीका ग्रंथी काढल्यामुळे सुजणाऱ्या पायात लसीकेला, म्हणजे ऊतींतून झिरपून रक्तात परतणाऱ्या पाण्यासारख्या द्रवाला, नवी वाट करून देणे, अशी दोन कामे या शस्त्रक्रियेत येतात. पहिले काम डोळ्यांना दिसते. दुसऱ्याकडे घरचे, कधीकधी डॉक्टरही, ‘जीव वाचला ना, सूज चालायचीच’ म्हणून काणाडोळा करतात. तो करू नये.

मांडीत सार्कोमा, म्हणजे मऊ ऊतींचा कर्करोग, झाला की पूर्वी सर्रास पाय कापत. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने ४३ रुग्णांवर केलेली चाचणी १९८२ साली प्रसिद्ध झाली. पाय राखून गाठ काढली व किरणोपचार दिले, तरी पाय कापलेल्यांच्या तुलनेत आयुष्य घटत नाही, असे तीत दिसले. पण पाय राखायचा तर गाठीभोवतीचा निरोगी भागही काढावा लागतो आणि खड्डा मोठा पडतो. उघड्या हाडावर किंवा कंडरेवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर) नुसते त्वचारोपण तगत नाही. तिथे स्वतःच्या रक्तपुरवठ्यासह हलवलेला त्वचेचा वा स्नायूचा तुकडा, म्हणजे फ्लॅप, लागतो. गुडघ्याजवळ पोटरीचा स्नायू वळवून आणता येतो. नडगीचा खालचा भाग मात्र अवघड, कारण शेजारी वळवण्याजोगे मांसच नसते. मग मांडीची त्वचा किंवा पाठीचा स्नायू पूर्ण सोडवून आणतात आणि त्याच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पायातल्या वाहिन्यांना जोडतात. डॅनियल आणि टेलर या शल्यचिकित्सकांनी १९७३ साली मेलबर्नहून नोंदवलेला असा मुक्त फ्लॅप पायावरच बसवला होता. जखम अपघाताची होती, त्वचा जांघेतली.

पहिल्या दोन-तीन रात्री परिचारिका तासातासाला फ्लॅप पाहते: रंग, ऊब, बोटाने दाबल्यावर परतणारी लाली, रक्तप्रवाह ऐकवणाऱ्या डॉपलर यंत्रातला सूं-सूं आवाज. निळसर पडला तर नीला तुंबलेली असते, फिकट आणि गार पडला तर रोहिणी. दोन्ही वेळा रुग्णाला तातडीने परत शस्त्रक्रियागृहात नेतात. किरणोपचार झालेली जागा भरायला कुरकुरते. कॅनडातल्या २००२ सालच्या चाचणीत जखमेचा त्रास किरणोपचार शस्त्रक्रियेआधी दिलेल्यांपैकी ३५ टक्क्यांना झाला, नंतर दिलेल्यांपैकी १७ टक्क्यांना.

लसीकाशोथ, म्हणजे लसीका तुंबून येणारी सूज, महिन्यांनी, कधी वर्षांनी येतो. त्वचेचा मेलॅनोमा (रंगपेशींचा कर्करोग), शिश्न किंवा योनीमुखाचा कर्करोग यांसाठी जांघेतल्या ग्रंथी आणि गर्भाशयाच्या कर्करोगासाठी ओटीपोटातल्या ग्रंथी काढलेल्यांना तो होऊ शकतो. सुरुवातीला संध्याकाळी चप्पल घट्ट होते, सकाळी सूज उतरते. पुढे ती उतरतच नाही. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी त्वचा चिमटीत धरून पाहावी. धरता आली नाही तर आजार मुरला आहे असे समजतात. विदर्भासारख्या हत्तीरोगाच्या पट्ट्यात अशा पायाला लोक सरळ ‘हत्तीपाय’ म्हणतात. पण इथे डासाने आणलेला कृमी नसतो, त्यामुळे कृमीच्या गोळ्यांनी ही सूज उतरत नाही.

पट्ट्या बांधणे, दाबाचे मोजे, हलक्या हाताचे मर्दन आणि भेगा-चिखल्यांची काळजी हा उपचारांचा पाया आहे, कारण बोटांच्या बेचक्यातल्या चिरेतून जंतू शिरले की पाय लाल होऊन ताप येतो आणि सूज आणखी वाढते. शस्त्रक्रियेत जपानच्या इसाओ कोशिमा यांनी रूढ केलेली अतिसूक्ष्म पद्धत महत्त्वाची आहे. इंडोसायनिन ग्रीन हे रंगद्रव्य टोचले की अवरक्त कॅमेऱ्यात चालू लसीकावाहिन्या उजळून दिसतात. मग मिलिमीटरहूनही बारीक वाहिनी शेजारच्या नीलेला जोडतात. वाहिन्या जिवंत असताना, म्हणजे लवकर केले, तर याचा गुण जास्त येतो. दुसरा मार्ग म्हणजे हनुवटीखालच्या किंवा पोटातल्या वपेतल्या (आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्यातल्या) लसीका ग्रंथी रक्तवाहिन्यांसह आणून पायात बसवणे.

दोन्ही कामे एकाच बैठकीत साधता येतात, ही या शाखेतली सर्वांत आशादायक गोष्ट. जांघेतल्या खड्ड्यावर फ्लॅप बसवताना त्यातल्या लसीकावाहिन्यांची दिशा पायातल्या प्रवाहाशी जुळवून ठेवतात. म्हणून प्लास्टिक सर्जनला गाठ काढण्याआधीच बोलवायला हवे. खड्डा पडल्यावर नव्हे.

जुन्या सुजेत पाण्याची जागा चरबी आणि तंतू घेतात. तिथे नुसती वाट करून भागत नाही, चरबी शोषून काढावी लागते. त्यानंतर दाबाचा मोजा जन्मभर घालावा लागतो, आणि हे रुग्णाला आधीच, नीट समजेल असे सांगावे.