छातीचा एक्स-रे वाचणारे यंत्र आणि उंबरठ्याचा आकडा

क्षयरोग शोधणाऱ्या संगणकप्रणालीला छातीचा डिजिटल एक्स-रे दिला, की काही क्षणांत ती एक आकडा सांगते. अनेक प्रणालींत तो ० ते १०० या मापात असतो. हा आकडा म्हणजे निदान नव्हे. शिकवताना दाखवलेल्या क्षयरुग्णांच्या हजारो एक्स-रेंशी समोरचे चित्र किती मिळतेजुळते आहे, एवढेच तो सांगतो. कोणत्या आकड्यापासून पुढच्या माणसाला थुंकीच्या तपासणीसाठी पाठवायचे, हे मात्र कार्यक्रम राबवणारी माणसे ठरवतात. या मर्यादेला आपण उंबरठा म्हणू. आरोग्यसेवेतील कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीची चर्चा बहुधा यंत्र किती अचूक आहे यावर घुटमळते. फायद्यातोट्याचा खरा हिशेब या उंबरठ्यापाशी सुरू होतो, असे मला वाटते.

अशा यंत्राची गरज का भासते, याचे उत्तर २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात मिळते. पंधरा वर्षांवरील दर लाख लोकांमागे फुप्फुसाचा क्षय असलेल्या ३१६ व्यक्ती त्यात आढळल्या, आणि छातीचा एक्स-रे काढला नसता, केवळ खोकला-तापाची विचारपूस केली असती, तर त्यांपैकी ४२.६ टक्के निसटल्या असत्या. म्हणजे ज्याला काहीच होत नाही असे तो स्वतः सांगतो, त्याच्याही छातीत रोग असू शकतो. एक्स-रे काढण्याचे यंत्र आता हातात धरून वस्तीवर नेता येते. पण ते चित्र वाचणारा क्ष-किरणतज्ज्ञ वस्तीवर नेता येत नाही, आणि अनेक तालुक्यांच्या ठिकाणी तर तो मुळातच नसतो. ही अडचण ओळखून जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये पंधरा वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या एक्स-रेचे वाचन तज्ज्ञाऐवजी संगणकप्रणालीकडून करून घेण्यास मान्यता दिली. लहान मुलांना ही शिफारस लागू नाही.

मान्यतेमागे पुरावा होता. ढाक्यातील तीन केंद्रांवर आलेल्या सुमारे २४,००० व्यक्तींचे एक्स-रे पाच वेगवेगळ्या प्रणालींना आणि बांगलादेशातील क्ष-किरणतज्ज्ञांना वाचायला देण्यात आले होते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, मुंबईत विकसित झालेल्या क्यूएक्सआर या प्रणालीसह पाचही प्रणाली तज्ज्ञांपेक्षा सरस ठरल्या. त्यांच्या आधारे कोणाची थुंकी तपासायची हे ठरवले, तर महागड्या रेणवीय (जंतूंची जनुकीय खूण शोधणाऱ्या) चाचण्या निम्म्यावर येतात आणि तरीही दहापैकी नऊहून अधिक रुग्ण सापडतात, असे दिसले. गरीब देशाच्या आरोग्यखात्यासाठी ही मोठी गोष्ट आहे आणि तिचे मोल कमी लेखू नये.

पण ढाक्याच्या त्या केंद्रांवर आलेल्या दर शंभर व्यक्तींपैकी पंधरा जणांना क्षय होता, ही बाब नीट लक्षात घ्यायला हवी. प्राथमिक चाळणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने किमान अपेक्षा घालून दिली आहे: शंभर रुग्णांपैकी ९० ओळखावेत आणि शंभर निरोगी व्यक्तींपैकी ७० जणांना निरोगीच म्हणावे. ही अपेक्षा तंतोतंत पुरी करणारे यंत्र ढाक्यासारख्या केंद्रावर एक हजार लोकांसाठी वापरले, तर १५० रुग्णांपैकी १३५ सापडतील आणि ८५० निरोगी व्यक्तींपैकी २५५ जणांवर नाहक संशय येईल. एका खऱ्या रुग्णामागे साधारण दोन खोट्या घंटा. आता तेच यंत्र, तोच उंबरठा ठेवून, सरसकट गावोगाव फिरवले तर काय होईल? एक लाख प्रौढांमध्ये सर्वेक्षणानुसार रुग्ण ३१६. त्यांपैकी सुमारे २८४ सापडतील, पण उरलेल्या ९९,६८४ जणांपैकी जवळजवळ २९,९०० व्यक्ती संशयित ठरतील. एका रुग्णामागे शंभराहून अधिक खोट्या घंटा. यंत्राच्या अचूकतेत तसूभरही फरक पडलेला नाही. बदलली ती फक्त त्याच्यासमोरची माणसे. म्हणूनच रुग्णाच्या घरातील माणसे, मधुमेही, कुपोषित, दाट वस्तीत राहणारे अशा जोखमीच्या गटांपासून सुरुवात करण्याचा आग्रह धरावा लागतो.

या ३०,००० लोकांचे पुढे काय होते, यावर यंत्राचे खरे मोल ठरते. त्यांच्या थुंकीतील जंतूंची जनुकीय खूण शोधणारी चाचणी जवळ असेल, तर एक-दोन दिवसांत संशय फिटतो. गोव्यातील एका कंपनीने विकसित केलेले, बॅटरीवर चालणारे ट्रूनॅट हे उपकरण त्यासाठीच प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचवता येते. पण या उपकरणात चाचणीसाठी लागणाऱ्या चिपा संपलेल्या असतील किंवा नमुना जिल्ह्याला पाठवावा लागत असेल, तर रोजंदारीवरचा माणूस एक-दोन दिवसांची मजुरी बुडवून परत येईलच असे नाही. शेजारीपाजारी क्षयाची कुजबुज सुरू होते ती वेगळीच. याहून गंभीर म्हणजे, चाचणी हाताशी नाही म्हणून केवळ एक्स-रेच्या आधारे सहा महिन्यांचे औषध सुरू केले गेले, तर निरोगी माणसाच्या यकृतावर आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइडचा भार विनाकारण पडू शकतो. यंत्राच्या किमतीत हा खर्च कुठेच धरलेला नसतो.

चुका सर्वांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत, हेही ढाक्यातच दिसले: साठीच्या पुढच्या व्यक्तींमध्ये आणि पूर्वी क्षय होऊन गेलेल्यांमध्ये पाचही प्रणालींची कामगिरी घसरली. बऱ्या झालेल्या क्षयाचा व्रण फुप्फुसावर कायम राहतो आणि यंत्राला तो ताज्या रोगासारखा भासतो. दगडखाणीतील धुळीने फुप्फुसे खराब झालेल्या कामगारांच्या बाबतीत असाच घोटाळा होतो. शिकताना यंत्र नेमके काय शिकते, हा प्रश्नही यात गुंतलेला आहे. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यूमोनिया शोधण्यासाठी घडवलेल्या प्रारूपांची तपासणी झाली, तेव्हा एक्स-रे कोणत्या रुग्णालयातला आहे हे ती जवळजवळ अचूक ओळखत असल्याचे आढळले. एका रुग्णालयात न्यूमोनियाचे प्रमाण मुळातच पुष्कळ जास्त असल्याने, फुप्फुसाऐवजी रुग्णालय ओळखूनही प्रारूपाला चांगले गुण मिळवता येत होते. दुसऱ्या गावी नेल्यावर अशा शिकवणीचा उपयोग राहत नाही.

आणखी एक तोटा सावकाश येतो. पोलंडमधील चार केंद्रांवर मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करणाऱ्या अनुभवी डॉक्टरांना कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत देण्यात आली. पुढे त्याच डॉक्टरांनी यंत्राविना केलेल्या तपासण्या पाहिल्या, तेव्हा कर्करोगात बदलू शकणाऱ्या गाठी सापडण्याचे प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आल्याचे दिसले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास निरीक्षणावर आधारित असल्याने घसरणीचे सारे खापर यंत्रावर फोडता येणार नाही. तरीही ज्या वैद्यकीय अधिकाऱ्याने नोकरीच्या पहिल्या दिवसापासून आकडाच पाहिला, त्याची नजर एक्स-रेवर बसणार कशी, ही काळजी मला रास्त वाटते.

प्रणालीची नवी आवृत्ती आली, की त्याच एक्स-रेला वेगळा आकडा मिळू शकतो. कालपर्यंत योग्य असलेला उंबरठा मग आज चुकीचा ठरतो. म्हणून कंपनीने सुचवलेला आकडा तसाच न स्वीकारता, जिल्ह्याने सुरुवातीला काही शे लोकांचा एक्स-रे आणि थुंकी दोन्ही तपासून आपला उंबरठा स्वतः ठरवावा आणि आवृत्ती बदलली की तो पुन्हा पडताळावा. त्यासाठी नोंदवहीत किती एक्स-रे काढले एवढेच लिहून भागणार नाही. संशयितांपैकी कितीजणांची थुंकी प्रत्यक्ष तपासली गेली, त्यांत किती रुग्ण निघाले, कितीजणांचे औषध पहिल्या आठवड्यात सुरू झाले, आणि यंत्राने निरोगी ठरवलेल्यांपैकी कितीजण पुढे वर्षभरात क्षयाने आजारी होऊन परत आले, हे रकानेही भरावे लागतील.