वस्ती दाट म्हणून मेट्रो पुढे? गणित वेगळं असतं

‘जिथं वस्ती दाट, तिथं मेट्रो वाढवा’ हा मुंबईतला जुना समज. आधी पाहतात ते वेगळंच: ऐन गर्दीच्या तासात, एका दिशेला, सर्वांत भरलेल्या दोन स्थानकांमध्ये किती प्रवासी असतात.

२०१४ साली चार डब्यांच्या गाड्यांनी सुरू झालेली वर्सोवा–घाटकोपर मेट्रो घ्या. ती घाटकोपरच्या पूर्वेला वाढवली, तर सकाळी गाडी घाटकोपरला भरूनच येईल. लोकलमधून उतरलेले फलाटावरच राहतील. शिवाय एका बाजूला १० मिनिटं वाढली की फेरी २० मिनिटांनी लांबते. दर ४ मिनिटांनी गाडी हवी, तर ५ गाड्या जादा लागतात, राखीव वेगळ्या. त्या रात्री कुठं उभ्या करणार? कारशेडच्या, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या आगाराच्या, जागेवरून आरेच्या हिरव्या पट्ट्यात झाडतोडीचा केवढा वाद झाला, ते मुंबईकरांना सांगायला नको.