मॉइश्चरायझर, चेहऱ्याचे : त्वचाप्रकारानुसार निवड (मराठवाडा)

चेहऱ्याच्या त्वचेतील पाण्याचा अंश टिकवून तिचा मऊपणा राखण्यासाठी लावायचे प्रसाधन. ते क्रीम, लोशन, जेल किंवा मलमाच्या रूपात मिळते. मराठवाड्यात, म्हणजे छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, बीड, लातूर व धाराशिव या आठ जिल्ह्यांत, ते बहुधा ‘कोल्ड क्रीम’ म्हणून मागितले जाते. दिवाळीनंतर गाल उलू लागले की ते घरात येते आणि संक्रांत सरली की बाजूला पडते. येथील उन्हाळ्याची कोरडी हवा पाहता हा प्रघात त्वचेच्या हिताचा नाही.

त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थराला शृंगस्तर म्हणतात. त्याची जाडी बहुतेक ठिकाणी जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर असते. मृत, चपट्या पेशी आणि त्यांच्या फटींत भरलेले स्निग्ध द्रव्य अशी त्याची रचना असते. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ पीटर इलायस यांनी तिला विटा आणि त्यांमधील चुन्याची उपमा दिली. या स्निग्ध द्रव्यात वजनाने सुमारे निम्मा वाटा सिरामाइड या मेदांचा व पाव वाटा कोलेस्टेरॉलचा असतो. उरलेले मुख्यतः मुक्त मेदाम्ले असतात. पेशींच्या आत अमिनो आम्ले, लॅक्टेट, यूरिया इ. पाणी धरून ठेवणारी द्रव्ये असतात. शृंगस्तरातील पाण्याचे प्रमाण १० टक्क्यांच्या खाली गेले की तो ठिसूळ होतो, त्याला बारीक भेगा पडतात आणि कोंड्यासारखे पापुद्रे सुटतात.

कोरडेपणा म्हणजे तेलाची कमतरता, ही समजूत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकातही रूढ होती. संशोधक अर्विन ब्लँक यांनी १९५२ मध्ये ती खोडून काढली. वाळलेल्या घट्ट्याचे तुकडे त्यांनी निरनिराळ्या तेलांत व चरबीत बुडवून ठेवले, तरी ते कडकच राहिले. पाण्यात मात्र ते मऊ पडले. कातडी पाण्याने मऊ होते आणि तेल ते पाणी उडून जाऊ देत नाही, हा आजच्या मॉइश्चरायझरचा पाया आहे. त्यामुळे त्यात तीन जातींची द्रव्ये एकत्र असतात : पाणी धरणारी (ग्लिसरीन, हायलुरॉनिक आम्ल, यूरिया), फटी भरून मऊपणा आणणारी (सिरामाइडे, वनस्पतिज तेले, मेदाल्कोहोले) व वरून झाकणारी (पेट्रोलियम जेली, डायमेथिकोन, मेण). या तिन्हींचे प्रमाण बदलून निरनिराळ्या त्वचाप्रकारांसाठी उत्पादने केली जातात.

त्वचाप्रकारांच्या वर्गीकरणाचा उगम : कोरडी, तेलकट व सामान्य या विभागणीचे श्रेय बहुतेक लोकप्रिय ग्रंथ प्रसाधन-उद्योजिका हेलेना रुबिनस्टाईन यांना देतात आणि काळ १९१० च्या आसपासचा सांगतात. विसाव्या शतकाच्या आरंभी मेलबर्न येथे त्यांनी दुकान थाटले आणि ग्राहकाची त्वचा पाहून क्रीम देण्याची पद्धत लोकप्रिय केली, एवढे निश्चित. परंतु स्वतःविषयीच्या अनेक कथा त्यांनी जाहिरातीसाठी रंगवल्या होत्या. त्यामुळे ‘पहिले वर्गीकरण’ हा दावा जपूनच घ्यावा लागतो.

दुसरे मत हा उगम प्राचीन वैद्यकात शोधते. चरकसंहितेच्या विमानस्थानात (अध्याय ८) वातप्रकृतीच्या माणसाचे अंग रूक्ष, कफप्रकृतीचे स्निग्ध व गुळगुळीत, तर पित्तप्रकृतीचा माणूस तीळ, वांग व पुटकुळ्या यांनी युक्त असे वर्णन येते. या संहितेचा काळ वादग्रस्त आहे. मूळ भाग इ. स. पू. दुसरे शतक ते इ. स. दुसरे शतक या दरम्यानचा मानला जातो आणि दृढबल या वैद्याने केलेला तिचा संस्कार (पुनर्संपादन) त्यानंतर काही शतकांनी झाला असावा. साम्य उघड असले, तरी ते वर्गीकरण संपूर्ण माणसाच्या प्रकृतीचे आहे. चेहऱ्याला कोणता लेप लावावा हे ठरवण्यासाठी ते केलेले नाही. म्हणून आजच्या त्रिविध विभागणीचा थेट पूर्वज म्हणून ते दाखवणे ओढूनताणून वाटते. ही विभागणी दवाखान्यापेक्षा विक्रीच्या फळीवर घडली, हे मत अधिक ग्राह्य दिसते, आणि तिच्या मर्यादाही त्यातूनच आल्या आहेत.

मिश्र व संवेदनशील हे प्रकार तिला पुढे जोडले गेले. त्वचारोगतज्ज्ञ टॉमस फिट्झपॅट्रिक यांचे १९७५ चे वर्गीकरण पुष्कळदा याच संदर्भात उद्‍धृत होते, पण ते उन्हाने त्वचा भाजते की काळवंडते यावर आधारलेले आहे. मॉइश्चरायझरच्या निवडीशी त्याचा संबंध नाही. त्वचारोगतज्ज्ञ लेस्ली बाउमन यांनी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तेलकटपणा, संवेदनशीलता, रंगद्रव्य व सुरकुत्या या चार कसोट्यांवर १६ प्रकार मांडले. दैनंदिन वापरात ते फारसे रुळले नाहीत.

कोल्ड क्रीम आणि स्नो : मधमाश्यांचे मेण, ऑलिव्ह तेल व गुलाबपाणी यांच्या मिश्रणाचे, म्हणजे मूळ कोल्ड क्रीमचे, श्रेय परंपरेने दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलेन याला दिले जाते. मेण-तेलाचे लेप त्याच्याआधीही ज्ञात होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पेट्रोलियम जेली (पेटंट १८७२) आणि मेंढीच्या लोकरीपासूनचे लॅनोलिन (१८८२) उपलब्ध झाल्यावर हे लेप टिकाऊ झाले. स्टिअरिक आम्लाचे, अंगात जिरणारे व चिकट न लागणारे ‘स्नो’ १८९० नंतर आले. भारतात मुंबईच्या ई. एस. पाटणवाला यांचा ‘अफगाण स्नो’ १९१९ पासूनचा सांगितला जातो. अफगाणिस्तानचा राजा झहीर शाह याने त्याला आपल्या देशातील बर्फाची उपमा दिल्याची कथा प्रसिद्ध आहे. मात्र झहीर शाह गादीवर आला तो १९३३ मध्ये. तेव्हा वर्ष किंवा राजा, दोहोंपैकी एक तरी चुकीचा असला पाहिजे. जुन्या पिढीत कोल्ड क्रीम रात्रीचे आणि स्नो दिवसाचा, असा भेद पाळला जाई. तेलात पाणी मिसळलेले जड मिश्रण आणि पाण्यात तेल मिसळलेले हलके मिश्रण, हा तो भेद असून आजची निवडही बरीचशी त्यावरच चालते.

हवा व पाणी : मराठवाडा पर्जन्यछायेच्या पट्ट्यात व समुद्रापासून दूर आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंश से.च्या वर जातो आणि दुपारची सापेक्ष आर्द्रता पुष्कळदा २० ते २५ टक्क्यांपर्यंत उतरते. हिवाळ्यात परभणीचे किमान तापमान एक अंकी होते. कोकणातील घामट हवेत जे जेल पुरेसे पडते, ते येथे मार्चच्या वाऱ्यात अर्ध्या तासात सुकून चेहरा ताणल्यासारखा करते. त्यावर झाकणारे द्रव्य असावेच लागते. घरातील वाळ्याचा कूलर हवेत ओल सोडतो, तर वातानुकूलन ती काढून घेते. कार्यालयात दिवसभर वातानुकूलनात बसणाऱ्यांची त्वचा उन्हात न जाताही कोरडी पडते ती यामुळे.

पाण्याचा प्रश्न याहून कमी लक्षात घेतला जातो. दख्खनच्या काळ्या पाषाणातील बोअरचे पाणी अनेक गावांत कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांनी जड असते. बादलीच्या आतल्या कडेला पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही, म्हणून साबण जास्त चोळला जातो. त्याचे कॅल्शियमशी न विरघळणारे संयुग बनते आणि ते कानाजवळ, नाकाच्या कडेला व जबड्याखाली चिकटून राहते. चेहरा पुसल्यावर बोट फिरवले तर तेथे खरखर लागते. आंघोळीच्या साबणाचे सामूमूल्य (पीएच) ९ ते १० असते, तर त्वचेचे ५ च्या आसपास. या दोन्हींनी शृंगस्तर दुबळा होतो आणि मग कितीही महाग क्रीम लावले तरी ओढ जात नाही. अशा गावांत मॉइश्चरायझर बदलण्याआधी साबण बदलावा. साबणरहित सौम्य वडी किंवा फेसवॉश जड पाण्यात असा साका धरत नाही. शेवटचा हात गाळण-यंत्राच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने मारला तर अधिक चांगले. लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पाण्याची अशी टंचाई असते तेथे दिवसातून चार वेळा तोंड धुण्याचा सल्ला निरर्थक आहे. एकदा धुऊन ओलसर चेहऱ्यावर लगेच क्रीम लावणे त्वचेलाही मानवते.

निवड : चेहरा सौम्य फेसवॉशने धुऊन तासभर काहीही लावू नये. सगळा चेहरा ताणला व पांढुरका दिसला तर त्वचा कोरडी, सगळीकडे चमक आली तर तेलकट, आणि कपाळ, नाक, हनुवटी एवढ्यावरच तेल आले तर मिश्र समजावी. ही परीक्षा जानेवारीत एकदा व मे महिन्यात एकदा करावी, कारण उत्तर बहुधा वेगवेगळे येते. त्वचाप्रकार जन्मभराचा शिक्का नाही. वय, ऋतू, गरोदरपण व औषधे यांनी तो बदलतो.

कोरड्या त्वचेला ग्लिसरीन व सिरामाइडे असलेले जाडसर क्रीम द्यावे. हिवाळ्यात रात्री त्यावर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवावा. पाण्याचे बाष्पीभवन रोखण्यात तिच्या तोडीचे स्वस्त द्रव्य नाही. यूरिया ५ ते १० टक्के असलेली क्रीम उपयोगी असतात, मात्र उललेल्या गालावर ती चुरचुरतात.

तेलकट त्वचेच्या माणसाला मॉइश्चरायझर नको, हा समज मराठवाड्यात, विशेषतः तरुण मुलांत, फार पक्का आहे आणि त्यानेच अधिक नुकसान होते. चेहऱ्यावर एका चौरस सेंमी.त ४०० ते ९०० तैलग्रंथी असतात. त्यांचे तेल शृंगस्तरातील पाण्याची जागा घेऊ शकत नाही. चेहरा धुताच ताणतो आणि तासाभरात नाक चमकू लागते, अशी तक्रार असेल तर त्वचा तेलकटही आहे आणि पाण्याला भुकेलेलीही. तिला डायमेथिकोन व नियासिनामाइड असलेले हलके लोशन किंवा जेल-क्रीम योग्य. मुरमांवर ट्रेटिनॉइन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड चालू असल्यास मॉइश्चरायझर आवश्यकच असते, नाहीतर सालपटे निघून रुग्ण औषधच सोडून देतो. वेष्टनावरील ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (त्वचेची रंध्रे न बुजवणारे) या शब्दावर फार विसंबू नये. ही कसोटी मुळात सशाच्या कानावरील प्रयोगांतून आली. माणसाच्या चेहऱ्याला ती जशीच्या तशी लागू पडत नाही आणि तिची कायदेशीर व्याख्याही नाही.

मिश्र त्वचेला गालांवर क्रीम व मध्यभागी लोशन पुरते. संवेदनशील त्वचेसाठी सुगंधविरहित उत्पादन घ्यावे आणि ते आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूस लावून पाहावे.

स्थानिक तेले : साय, लोणी, तूप, खोबरेल व शेंगदाण्याचे तेल यांचा घरगुती वापर सर्वत्र आहे. मराठवाड्याच्या दृष्टीने खरे महत्त्व करडईचे आहे. हे रब्बीचे काटेरी पीक येथे परंपरेने घेतले जाते आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाने (सध्याचे नाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, स्थापना १९७२) त्याचे वाण विकसित केले आहेत. पारंपरिक करडई तेलात ७० टक्क्यांहून अधिक लिनोलेइक आम्ल असते. शृंगस्तराच्या सिरामाइडांपैकी पाणी अडवण्यास सर्वांत महत्त्वाचे असलेले सिरामाइड याच आम्लापासून बनते. जॉर्ज व मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ मध्ये मेदरहित आहारावर ठेवलेल्या उंदरांची त्वचा खवल्यांची झाल्याचे दाखवले, आणि या आम्लाची आवश्यकता त्या संशोधनातून सिद्ध झाली. उलट ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल प्रधान असते, आणि ते प्रौढांच्या त्वचेवर नियमित लावल्यास शृंगस्तराचा बांध सैल होतो, असे प्रयोगांत आढळले आहे. शेंगदाणा तेलातही ओलेइक आम्लच जास्त असते. म्हणून घरातले तेलच चेहऱ्याला लावायचे तर करडईचे अधिक सयुक्तिक ठरते. तेही क्रीमवर दोन-तीन थेंब, नुसते नव्हे. अलीकडे करडईचे ओलेइक-प्रधान वाणही आले आहेत, त्यामुळे सर्व करडई तेल सारखे मानता येत नाही. हे तेल लवकर खवट होते, तेव्हा थोडेच आणून अंधारात ठेवावे. मुरमे असतील किंवा नाकाच्या कडेला कोंडा धरत असेल तर कोणतेही तेल टाळावे. तेथील मॅलॅसेझिया ही किण्वसदृश कवके मेदाम्लांवरच पोसतात.

कापूस वेचणाऱ्या व ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांचा चेहरा ऊन, वारा, धूळ व उसाच्या पाचटाचे ओरखडे एकाच वेळी सोसतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा पदर हे त्यांचे मुख्य संरक्षण. पहाटे निघण्यापूर्वी लावलेली पेट्रोलियम जेली घामातही टिकते, पण तिच्यावर धूळ बसते. जाडसर क्रीम लावून ते जिरल्यावर रुमाल बांधणे त्यामानाने बरे.

सावधगिरी : गोरेपणासाठी दुकानातून मागून घेतल्या जाणाऱ्या काही मलमांत बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल ही स्टेरॉइडे असतात. पहिले काही दिवस चेहरा तुकतुकीत दिसतो, म्हणून ती मॉइश्चरायझर म्हणून रोज लावली जातात. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरमे व नको तेथे केस येतात आणि मलम थांबवले की चेहरा जळू लागतो. अशी अनेक मलमे २०१८ मध्ये अनुसूची एचमध्ये घालण्यात आली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत.

लहान मुलांच्या गालांवरील फिकट, किंचित खवलेदार डाग जंतांमुळे येतात असे घरोघर मानले जाते. ते बहुधा कोरडेपणाशी निगडित सौम्य इसबाचे असतात आणि साध्या मॉइश्चरायझरने हळूहळू जातात. परंतु फिकट किंवा लालसर चट्टा कोरडा असून तेथे स्पर्श कळत नसेल, तर तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्यावर क्रीम लावत बसू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड व लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत दाखवावे. कुष्ठरोगावरील बहुविध औषधोपचार शासनातर्फे मोफत मिळतो.