मलेरिया एकदा झाला की रक्तात कायमचा राहतो?

‘एकदा मलेरिया झाला की तो जन्मभर रक्तात राहतो,’ हे घरोघरी ऐकू येतं. ते खरं नाही. फाल्सिपेरम या प्रकारचा मलेरिया पूर्ण उपचारांनी शरीरातून जातो. व्हायवॅक्स हा दुसरा प्रकार मात्र महिन्यांनी उलटू शकतो, कारण त्याचे काही परजीवी यकृताच्या पेशींत सुप्त राहतात. मलेरियाचं नेहमीचं औषध क्लोरोक्विन त्यांना मारत नाही. त्यासाठी प्रायमाक्विन हे वेगळं औषध लागतं, भारतात सहसा १४ दिवस. ताप उतरला म्हणून ते मध्येच सोडणं मला फार घातक वाटतं. (जी६पीडी या तांबड्या रक्तपेशींतील एन्झाइमची कमतरता असल्यास त्याने रक्तपेशी फुटतात, म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.)

या सुप्त परजीवींवर संशोधन अवघड, कारण उंदरांच्या मलेरियात ते आढळत नाहीत आणि मानवी यकृतपेशी प्रयोगशाळेतल्या बशीत एकट्या वाढवल्या तर काही दिवसांतच आपलं काम विसरतात. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतील संशोधक संगीता भाटिया यांच्या गटाने या यकृतपेशींना आधारपेशींच्या सोबतीने छोट्या बेटांसारखं मांडलं, तेव्हा त्या काही आठवडे टिकल्या. २०१३ मध्ये त्यांत फाल्सिपेरम आणि व्हायवॅक्स दोन्ही वाढवून दाखवले गेले. अशाच पेशींवर औषध यकृताला कितपत विषारी आहे, हेही तपासता येतं.