कर्णा आवाज वाढवत नाही, वसूल करतो

परवा एका जाहिरातीत वाचलं: ‘शुद्ध पितळी कर्णा, आवाज शंभरपट मोठा!’ फोटोत चकचकीत ग्रामोफोन, अष्टकोनी पेटी आणि तिच्यावर चिकटवलेलं कुत्र्याचं चित्र. यंत्र नकली होतं, त्याचं काही विशेष नाही. नव्या पत्र्याची असली जुळणी ‘अँटिक’ म्हणून सर्रास खपवली जाते. मला डाचलं ते ‘आवाज मोठा’. ही समजूत अस्सल यंत्रं जमवणाऱ्यांमध्येही पक्की असते आणि त्यापायी दुरुस्तीची मेहनत भलतीकडे जाते. महिनाभर पितळ घासायचं आणि साउंडबॉक्सला, म्हणजे सुई आणि अभ्रकाची चकती बसवलेल्या डबीला, हातही लावायचा नाही.

कर्ण्यात वीज नाही, हलणारा एकही भाग नाही. मग जास्तीची ऊर्जा तो आणणार कुठून? ती येते आपल्या दंडातून. एडिसनचा १८७७ चा नळकांड्याचा फोनोग्राफ हातानेच फिरवावा लागे. बर्लिनरने १८८७ मध्ये सपाट तबकडीचं पेटंट मागितलं, तिची सुरुवातीची यंत्रंही हातानेच फिरत. १८९६ मध्ये एल्ड्रिज जॉन्सनने त्यांना स्प्रिंगची मोटर दिली. तेव्हापासून चावीने भरलेले आपले कष्ट पोलादी पट्टीच्या गुंडाळीत साठतात, तबकडी फिरवतात, आणि तिच्या खाचेतली वळणं सुईला डावी-उजवीकडे ढकलतात. सुईची दांडी ही एक छोटी तरफ आहे. तिचं दुसरं टोक अभ्रकाच्या चकतीला हलवतं.

खरी अडचण इथे आहे. कर्णा काढून ठेवा आणि तबकडी लावा. गाणं ऐकू येतं, पण किरटं. चकती तर तेवढीच हलते आहे! दार बंद आहे असं समजून पूर्ण ताकदीने खांदा लावावा आणि दार नुसतं लोटलेलं असावं, तसं तिचं होतं. जोर आहे, पण तो घ्यायला समोर कोणी नाही. जेमतेम पाच सेंटिमीटरची चकती पुढे सरकली की समोरची हवा दबण्याऐवजी बाजूने निसटते. स्वर जितका खालचा, तितका हवेला निसटायला वेळ जास्त. म्हणून खर्ज आधी जातो.

कर्ण्याचा अरुंद गळा हवेची ही पळवाट बंद करतो. नळीतल्या हवेला बाजूला जागाच नसते, तिला दबावंच लागतं. चकतीला प्रतिकार मिळतो आणि प्रतिकार असेल तरच काम होतं. खाच सुईला ठरल्या मापानेच हलवते, समोर ओझं असो वा नसो. ओझं वाढलं की तेवढ्याच हालचालीत स्प्रिंगकडून जास्त ऊर्जा ओढली जाते. थोडक्यात, कर्णा आवाज वाढवत नाही, स्प्रिंगकडून येणं असलेली ऊर्जा चोख वसूल करतो.

पण गळ्यातला हा दाब खोलीभर पसरायचा तर नळी हळूहळू रुंदावली पाहिजे. एकदम रुंद केली तर लाट तोंडाशी आपटून मागे फिरते. किती हळूहळू? आर्थर गॉर्डन वेब्स्टर या भौतिकशास्त्रज्ञाने १९१९ मध्ये याचं गणित मांडलं, आणि त्यातून पुढे आला तो चक्रवाढीचा आकार: दर ठरावीक अंतराला छेदाचं क्षेत्रफळ दुप्पट. दुपटीचं हे अंतर कर्ण्याची खालची मर्यादा ठरवतं. तिच्याखालचे स्वर तो जवळपास पुढे सोडतच नाही. तोंडाचा परीघही त्या मर्यादेच्या स्वराच्या तरंगलांबीएवढा हवा.

आकडे घालून पाहू. तोंडाचा व्यास ५० सेंटिमीटर, म्हणजे परीघ सुमारे १.५७ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. भागाकार केला की मर्यादा येते साधारण २१८ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २१८ कंपनं. त्यासाठी दुपटीचं अंतर ८.७ सेंटिमीटर लागतं. दीड सेंटिमीटरच्या गळ्यापासून ५० सेंटिमीटरच्या तोंडापर्यंत क्षेत्रफळाच्या जेमतेम दहा दुपटी होतात, म्हणजे लांबी ८७-८८ सेंटिमीटर. आता हीच मर्यादा १०० हर्ट्झवर आणायची म्हटलं तर तोंड एक मीटरहून रुंद आणि लांबी सव्वादोन मीटरच्या पुढे! एवढं धूड ठेवायचं कुठे? म्हणून १९२५ च्या ‘ऑर्थोफोनिक व्हिक्ट्रोला’ या ग्रामोफोनात कर्णा घड्या घालून कपाटात बसवला. इंग्लंडमध्ये ईएमजी या कंपनीने कागदाच्या लगद्याचे प्रचंड कर्णे केले आणि ते उत्तम वाजतात. ‘पितळेमुळे गोडवा येतो’ म्हणणाऱ्यांनी ते जरूर ऐकावेत. भिंत मुळात थरथरूच नये; पत्रा झणझणला तर तो दोष.

दुरुस्तीला बसलं की मी आधी साउंडबॉक्स उघडतो. अभ्रकाच्या कडेला दोन्ही बाजूंनी रबराच्या बारीक नळीची कडी असते. शंभर वर्षांत तिचं लाकूड झालेलं असतं, नखाने टोकरलं की तुकडे पडतात. तिथून हवा गळते, म्हणजे बंद केलेली पळवाट पुन्हा उघडते. अभ्रक उजेडासमोर धरायचा. पापुद्र्यांमध्ये रुपेरी ढग दिसले तर तो सुटत चालला आहे. मधल्या बारीक स्क्रूभोवती मेणाचा थेंब शाबूत हवा. नवी कडी घातल्यावर होणारा फरक ऐकलात तर पॉलिशचा डबा बाजूला ठेवाल. कर्ण्याचे सांधेही तपासावेत: गळ्यातून फुंकायचं आणि सांध्याशी ओलं बोट धरायचं, गार लागलं की गळती.

सुई मात्र दर बाजूला नवी. लाखेच्या तबकडीत दगडाची पूड मुद्दाम घातलेली असते; ती सुईला घासून खाचेच्या मापाची करते. एक बाजू वाजल्यावर सुई भिंगाखाली धरा, टोकाला दोन सपाट पैलू दिसतील. तीच पुन्हा लावली तर ती पटाशीसारखी खाच तासते. विनाइलची तबकडी यावर कधीही लावू नका, एकाच फेरीत तिची वाट लागते.

वेग सांभाळतो गव्हर्नर: फिरणारी तीन वजनं बाहेर फेकली जातात, एका चकतीला ओढून चामड्याच्या गादीवर घासतात आणि वेग आवरतो. गादीचा स्क्रू पिळला की वेग बदलतो आणि सूरही. ४३२ हर्ट्झच्या ‘दैवी’ कंपनांनी आजार बरे होतात म्हणणाऱ्यांना मी हा स्क्रू दाखवतो. ४४० हर्ट्झ या आजच्या प्रमाण सुराला लावलेलं वाद्य मिनिटाला ७८ ऐवजी ७६.६ फेऱ्यांवर वाजवा, झालं ४३२! शिवाय सुरुवातीच्या तबकड्या सगळ्या ७८ च्या नव्हत्याच. मग नेमका कोणता वेग दैवी?

एक प्रश्न उरतो. कर्णा २१८ हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुका असेल, तर १२० हर्ट्झवर गाणारा पुरुष पुरुषासारखा कसा ऐकू येतो? त्याच्या आवाजात १२० सोबत २४०, ३६०, ४८० असे स्वरांशही असतात. हे वरचे सगळे कर्ण्यातून बाहेर पडतात. त्यांच्यात सारखं १२० चं अंतर आहे हे मेंदू ओळखतो आणि खोलीत जवळपास नसलेला तो खालचा स्वर आपल्याला ऐकू येतो.