फोन ओळख दाखवेना

नागपूरच्या अंबाझरीहून परतताना पावसानं गाठलं. खिशातला आयफोन ११ निथळत बाहेर आला, पण चालू होता. सकाळी मात्र त्यानं मला ओळख दाखवली नाही. सेल्फी झकास, फोन लागत होते; चेहरा ओळखून फोन उघडणारं फेस आयडी तेवढं ठप्प.

सीताबर्डीच्या दुरुस्तीवाल्यानं पहिलं विचारलं, "भाऊ, तांदळात ठेवला होता काय?" होता. तो हसला. तांदूळ आतलं पाणी ओढून घेत नाही, त्याची भुकटी मात्र आत शिरते. सिमच्या खाचेतली पांढरी खूण लाल झाली होती, म्हणजे पाणी आत गेलंच होतं.

सेल्फी कॅमेरा शाबूत असून काय उपयोग? ओळखायचं काम त्याचं नाहीच. २०१७च्या आयफोन टेनपासून फेस आयडीच्या फोनांत डॉट प्रोजेक्टर चेहऱ्यावर ३०,०००हून अधिक अदृश्य अवरक्त (इन्फ्रारेड) ठिपके टाकतो आणि वेगळा इन्फ्रारेड कॅमेरा ते टिपतो. नाकावरचा ठिपका जवळ, गालावरचा लांब. ठिपके किती सरकले यावरून चेहऱ्याचे उंचसखल भाग कळतात. हा प्रकाश सुमारे ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा. उन्हातला नेमका तेवढा भाग हवेतली वाफ बराचसा गिळते, म्हणून भर उन्हातही ठिपके बुजत नाहीत. (मे महिन्यात दुपट्ट्याआडचा नागपुरी चेहरा ओळखणं, ही गोष्ट वेगळी.)

ठिपके लेसरचे असतात. मोजक्या किरणांचे हजारो ठिपके करणारी सूक्ष्म नक्षीची काच फुटली, तर किरण न विखुरता डोळ्यात जायचे. म्हणून त्या काचेवर सतत विजेची पाळत असते. काही बिघडलं की लेसरचा पुरवठाच तुटतो. काच फुटली की नुसती ओली झाली, हा फरक पाळतीला कळत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली त्यानं मला कनेक्टरवरचा हिरवट थर दाखवला. ओल्या फोनला मी चार्जर लावला होता, त्याची ही कमाई. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशनं थर निघाला, फेस आयडी आलं नाही. नवा प्रोजेक्टर नुसता बसवून भागत नाही, कारण मूळ भागाची जोडी त्याच फोनशी जुळवलेली असते. त्याच्याकडे उरला एकच उपाय: तुटलेला पुरवठा डाग देऊन (सोल्डर करून) जोडायचा, म्हणजे पाळतच चुकवायची. काच धड दिसतेय, असं तो म्हणाला. दिसतेय, एवढ्यावर घरातल्या पोरांच्या डोळ्यांसमोर लेसर धरायला माझं मन धजेना.

सध्या पासकोड टाकतोय. ओल्या बोटांनी तोही चुकतो.