पार्श्वभूमी : प्रोटॉनची त्रिज्या ०.८८ की ०.८४?

दीर्घिकांपासून क्वार्कपर्यंतची मापे एकाच उभ्या पट्टीवर दाखवणारे तक्ते सातारा-सांगलीकडच्या कनिष्ठ महाविद्यालयांना नवे नाहीत. जुन्या तक्त्यावर प्रोटॉनची त्रिज्या ०.८८ फेमटोमीटर (एक फेमटोमीटर म्हणजे मीटरचा दहा लाख अब्जावा भाग) दिलेली असते आणि अलीकडे छापलेल्या तक्त्यावर ०.८४. बारावीला शिकवल्या जाणाऱ्या अणुकेंद्रकाच्या सूत्रात अणुवस्तुमानांकाच्या जागी १ घातला, तर उत्तर १.२ येते. या शेवटच्या आकड्याचा उलगडा सोपा आहे. ते सूत्र अनेक प्रोटॉन-न्यूट्रॉन असलेल्या जड अणुकेंद्रकांवरून बसवलेले आहे, त्यामुळे ते एकट्या प्रोटॉनला लावायचे नसते. पहिल्या दोन आकड्यांतील तफावत मात्र छपाईची चूक नव्हे. तिच्यामागे जवळपास दशकभर चाललेला वाद आहे.

पट्टीच्या मोठ्या टोकालाही आकडे असेच बदलत गेले. देवयानी दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे, हे १९२० च्या दशकाच्या मध्यावर रूपविकारी, म्हणजे ठरावीक काळाने तेज कमी-जास्त होणाऱ्या, ताऱ्यांवरून सिद्ध झाले. तेव्हा तिचे अंतर सुमारे ९ लाख प्रकाशवर्षे काढले गेले होते, आज ते २५ लाखांच्या घरात मानले जाते. ज्या १९२९ साली सांगलीत कृष्णेवरचा आयर्विन पूल खुला झाला, त्याच वर्षी दीर्घिकांचे अंतर आणि त्यांचा दूर जाण्याचा वेग यांचा संबंध प्रसिद्ध झाला. १९५२ मध्ये ते रूपविकारी तारे दोन प्रकारचे असल्याचे कळले आणि दीर्घिकांची अंतरे एकदम दुपटीने वाढली. दृश्य विश्वाची त्रिज्या आता सुमारे ४६ अब्ज प्रकाशवर्षे धरतात.

लहान टोकाकडे १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन, १९११ मध्ये अणुकेंद्रक आणि १९३२ मध्ये न्यूट्रॉन हे टप्पे आले. प्रोटॉन बिंदुरूप नसून त्याला आकार आहे, हे १९५० च्या दशकाच्या मध्यावर कॅलिफोर्नियातील प्रयोगांनी दाखवले. वेगवान इलेक्ट्रॉन हायड्रोजनवर सोडून ते कोणत्या कोनात किती विखुरतात, हे मोजले गेले आणि त्यावरून पाऊण फेमटोमीटरच्या आसपासची त्रिज्या मिळाली. पुढच्या अर्धशतकात विखुरण्याचे प्रयोग आणि हायड्रोजनच्या वर्णपटाची मोजणी या दोन्ही वाटांनी आकडा ०.८८ च्या आसपास स्थिरावला आणि पुस्तकांत रुळला.

त्याला धक्का बसला तो २०१० मध्ये. स्वित्झर्लंडमधील एका कणत्वरकावर हायड्रोजनमधील इलेक्ट्रॉनच्या जागी म्यूऑन बसवून केलेली मोजणी तेव्हा प्रसिद्ध झाली. म्यूऑनचा विद्युतभार इलेक्ट्रॉनइतकाच, पण वस्तुमान त्याच्या सुमारे २०७ पट असते, म्हणून तो प्रोटॉनच्या फार जवळ राहतो. प्रोटॉन चार मिलिमीटर जाडीच्या शाळूच्या दाण्याएवढा कल्पिला, तर साध्या हायड्रोजनमधील इलेक्ट्रॉन त्यापासून साधारण सव्वाशे मीटरवर असेल आणि म्यूऑन मात्र पाऊण मीटरच्या आत. म्यूऑन प्रोटॉनच्या आतच सापडण्याची शक्यता त्यामुळे कित्येक लाख पटींनी वाढते आणि प्रोटॉनच्या आकाराचा त्याच्या ऊर्जापातळ्यांवरील परिणाम ठळकपणे मोजता येतो. अडचण अशी की म्यूऑनचे सरासरी आयुष्य अवघे २.२ मायक्रोसेकंद असते. तेवढ्या अवधीत अणू तयार होऊन त्यावर लेसरचा झोत पडावा लागतो आणि लेसरची वारंवारता नेमकी जुळली, तरच क्ष-किरणांचा संकेत मिळतो. जुन्या त्रिज्येवरून काढलेल्या वारंवारतेला तो मिळाला नाही. शोधाचा पट्टा सरकवल्यावर २००९ मध्ये तो मिळाला आणि त्रिज्या निघाली ०.८४१८. फरक चार टक्क्यांचा होता, पण दोन्ही बाजूंनी सांगितलेल्या अनिश्चिततेच्या तो कितीतरी पट होता.

मूलभूत स्थिरांकांची शिफारस करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०१० च्या यादीत हे माप हिशेबात घेतले नाही. त्यात समितीचे फारसे चुकले असे म्हणता येणार नाही. माप एकाच गटाचे होते आणि ते मान्य केल्यास, हायड्रोजनच्या वर्णपटाच्या गणितात येणाऱ्या आणि अत्यंत अचूक समजल्या जाणाऱ्या रिडबर्ग स्थिरांकालाही हात लावावा लागणार होता. २०१३ मध्ये त्याच पद्धतीच्या दुसऱ्या, अधिक काटेकोर मोजणीतून ०.८४०९ हा आकडा आला. तरीही २०१४ च्या यादीत म्यूऑनचे माप पुन्हा बाजूला ठेवून ०.८७५१ ची शिफारस झाली. हा निर्णय प्रस्तुत लेखकाला पटत नाही. जुन्या मापांवर भरवसा ठेवणे समजण्यासारखे असले, तरी वगळलेले माप त्यांच्यापेक्षा दहापटीहून अधिक काटेकोर होते. अशा वेळी निदान शिफारशीची अनिश्चितता पुरेशी वाढवायला हवी होती. तेवढी ती न वाढवल्यामुळे अभ्यासक नसलेल्या वाचकांपर्यंत, शिक्षकांपर्यंत आणि तक्ते छापणाऱ्यांपर्यंत वादाची खबर पोहोचली नाही आणि ०.८८ निःशंकपणे छापले जात राहिले.

मधल्या काळात इलेक्ट्रॉन आणि म्यूऑन यांच्यावर वेगळा प्रभाव टाकणारे एखादे अज्ञात बल असावे, अशीही चर्चा झाली. तिला पुरावा मिळाला नाही. २०१७ मध्ये जर्मनीत साध्या हायड्रोजनवर झालेल्या मोजणीने लहान आकड्याच्या बाजूने कौल दिला, तर २०१८ मध्ये फ्रान्समधील मोजणीने मोठ्या आकड्याच्या. २०१९ मध्ये कॅनडातील वर्णपटमापनातून ०.८३३ आणि अमेरिकेतील इलेक्ट्रॉन विखुरण्याच्या प्रयोगातून ०.८३१ हे आकडे आले, म्हणजे जुन्या दोन्ही वाटाही आता लहान आकड्याकडे वळल्या. समितीने २०१८ सालच्या शिफारशींत म्यूऑनचे माप स्वीकारून ०.८४१४ हा आकडा दिला आणि रिडबर्ग स्थिरांकही बदलला. २०२२ सालच्या शिफारशींत हा आकडा ०.८४०७५ आहे. जुनी मापे नेमकी कशाने फुगली, यावर मात्र अजून एकमत नाही. म्यूऑनच प्रोटॉनवर आदळवून ते कसे विखुरतात हे पाहणारा प्रयोगही स्वित्झर्लंडमध्ये हाती घेण्यात आला आहे.